कळंबा रोडचा बॅडमिंटन हॉल, मोठ्यांची संध्याकाळची बॅच: 14 महिने खेळल्यावर लिहितेय

5 पैकी 4 स्टार. अर्धा लाइटसाठी कापला, अर्धा लेडीज चेंजिंग रूमसाठी, ते पुढं सांगते. पण आधी मी तिथं कशी पोचले ते सांगते, कारण ज्यांच्यासाठी हे लिहितेय त्यातले बरेचजण आत्ता तिथंच असणार जिथं मी दीड वर्षापूर्वी होते.

या हॉलच्या बाहेर मी 5 वर्षं बसलेय. पोरगा पाचवीत होता तेव्हा त्याला इथं घातला, दहावी सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी त्याला सोडायचं आणि गाडी स्टँडवर लावून तिच्यावरच बसून मोबाईल बघत दीड तास काढायचा. माझ्यासारख्या दहा-बारा आया, दोन-तीन बाबा, सगळे आपापल्या गाडीवर मान खाली घालून. एकमेकींची तोंडं ओळखीची, पण नावं माहीत नाहीत, "आज उशीर झाला सोडायला" एवढंच बोलणं. आतून शटल मारल्याचा आवाज यायचा, शूज कचकच घासायचे, पोरं ओरडायची. एवढ्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की आपणही आत जाऊ शकतो.

आणि हे कोल्हापुरात बरं का, जिथं खेळाचं वेड काही कमी नाही. खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी 1912 साली बांधून दिलं, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ असलं की अख्खी पेठ गॅलरीत, स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं तेव्हा आमच्या पतसंस्थेत पेढे वाटलेत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, या नेमबाज पोरींची नावं पण आपण अभिमानानं घेतो. पण खेळायचं ते पोरांनी, नाहीतर मेडल आणणाऱ्यांनी. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं नुसतं स्वतःसाठी, कुठंही न जिंकता खेळायचं, याला आपल्याकडं जागाच ठेवलेली नाही. पुरुषांचं पण फार वेगळं नाही, पंचवीस-सव्वीसला मैदान सुटतं आणि मग फक्त गॅलरी.

पोरगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि माझी संध्याकाळ एकदम रिकामी झाली. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, शिफ्ट ड्युटी, महिन्यातले पंधरा दिवस ते झोपतात तेव्हा मी जागी आणि मी झोपते तेव्हा ते कामावर. साडेपाचला पतसंस्थेतनं घरी यायचं, दोघांचा स्वयंपाक तो काय, तासात होतो, मग टीव्ही, मग मोबाईल. झोप उडाली. रात्री 3 ला जाग यायची आणि ऑफिसमधलं तेच तेच डोक्यात, कोण काय बोललं, मी काय बोलायला पाहिजे होतं. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. बी12 कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली. डॉक्टर चांगले होते, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आठवड्यात घरातले आणि ऑफिसातले सोडून कुणाशी बोलता?" मला उत्तर देता आलं नाही.

मग आधी रंकाळा तलावावर चालायला लागले. चालणं वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, ज्यांना जमतं त्यांना जमतं. पण माझं असं व्हायचं की पाय चालायचे आणि डोकं पण चालायचं, उलट जास्तच. संध्यामठापासनं सुरुवात केली की शालिनी पॅलेस येईपर्यंत मनातल्या मनात दोन भांडणं झालेली असायची. अंगाला व्यायाम व्हायचा, जीव तसाच राहायचा. दोन महिने केलं आणि सोडलं.

पोराचंच जुनं रॅकेट माळ्यावर होतं. दिवाळीत साफसफाईला खाली काढलं, ग्रिप पूर्ण कुजलेली, आणि त्यावेळी तो घरी होता तो म्हणाला आई, सरांनी मोठ्यांची बॅच सुरू केलीय, जा की. मी म्हणलं ह्या वयात? तो म्हणाला जाऊन बघ, नाही जमलं तर परत ये, कोण काय म्हणणार हाय. त्या एका वाक्यावर गेले.

आता हॉलचं. तीन कोर्ट आहेत, खाली लाकडी फ्लोअर आणि वर सिंथेटिक मॅट, त्यामुळं गुडघ्याला दणका कमी बसतो, सिमेंटवर खेळणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. मोठ्यांच्या दोन बॅच, 7 ते 8 आणि 8 ते 9, सोमवार ते शनिवार, तुम्ही आठवड्याचे 3 दिवस घेऊ शकता किंवा 6. मी 3 दिवसांचं घेते, महिना 1200, तीन महिन्यांचं एकदम भरलं तर 3300. शटलचे पैसे वेगळे, महिन्याला साधारण 150-200 पडतात कारण आमची बॅच नायलॉनच्या शटलवर खेळते. पिसाचं शटल भारी उडतं पण आमच्यासारख्यांच्या चुकीच्या फटक्यांनी दोन गेममध्ये त्याची पिसं मोडतात (एका शटलला 16 पिसं असतात, हे मला इथं आल्यावर कळलं), परवडत नाही. शूज मात्र नॉन-मार्किंगचेच (मॅटवर डाग न पाडणारे) घ्या, त्यात काटकसर करू नका. रॅकेट पहिले चार महिने हॉलचं वापरलं तरी चालतं, सर देतात.

सर शिकवतात कसं, तर हे या जागेचं सगळ्यात मोठं बळ आहे. पहिला आठवडा त्यांनी आम्हाला गेम खेळूच दिला नाही. पाय कसे ठेवायचे, रॅकेट हँडशेकसारखं कसं धरायचं, सर्व्हिस कंबरेखालनं कशी करायची. पहिल्या दिवशी मला पंधरातली एक सर्व्हिस नेटच्या पलीकडं गेली, आणि सर एवढंच म्हणाले, "ताई, एक गेली न्हवं, मग बाकीच्या पण जातील." मोठ्या माणसाला शिकवणं वेगळं असतं, आपल्याला चुकायची सवय राहिलेली नसते, कुणी बघत असलं की हात आखडतो. ऑफिसात मी 19 वर्षं काम करतेय, तिथं मला सगळं येतं, घरी सगळं येतं, आणि इथं अचानक पहिलीतल्या पोरासारखं काहीच येत नव्हतं. पहिले आठ-दहा दिवस फार अवघड गेले. पण मग एक दिवस बॅकहँडनं शटल बरोबर मागच्या रेषेवर पडलं आणि मला जे वाटलं ते मला किती वर्षांत वाटलं नव्हतं, मी आठवून आठवून बघितलं तरी आठवेना.

रंकाळ्यावर जे झालं नाही ते इथं का झालं याचा मी बराच विचार केलाय. एक तर शटल अंगावर येतं तेव्हा दुसरा विचार करायला वेळच नसतो. ते कुठं पडणार, मी कुठं आहे, माझा पार्टनर कुठं आहे, एवढंच डोक्यात राहतं आणि हे सलग तासभर चालतं. घरी येताना गाडीवर लक्षात यायचं की अरे, आपण एक तास कुणाशीच मनात भांडलो नाही. झोप तिसऱ्या आठवड्यापासनं सुधारली. 3 ला जाग यायची बंद नाही झाली लगेच पण जाग आली तरी परत डोळा लागायचा.

पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे, तीच सांगायला एवढं लिहायला बसले. डबल्सला चार माणसं लागतात. तीन असली तर खेळ होत नाही. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज साडेपाच-सहाला त्यावर कुणीतरी टाकतं, "चौथं कोण?" आणि ज्या दिवशी माझी पाळी नसते त्या दिवशी पण मेसेज येतो, "ताई येताय काय, तिघंच हाय आम्ही." मला सांगा, चाळिशीनंतर असं कोण बोलवतं आपल्याला? घरी आपण लागतो ते स्वयंपाकाला, ऑफिसात लागतो ते महिनाअखेरीला. नुसतं खेळायला, तुम्ही आला नाही तर आमचा खेळ अडतोय म्हणून बोलावणं, हे मला शाळा सुटल्यापासनं कुणी केलं नव्हतं. कंटाळा आला, अंग दुखतंय, आज नको वाटतंय, अशा दिवशी सुद्धा तिघं थांबलेत म्हणून उठून गेलेय आणि येताना बरं वाटून आलेय. जिमला मी गेले नाही तर जिमचं काही अडत नाही.

बॅचमध्ये एक औषध दुकानवाले काका आहेत 61 वर्षांचे, सीपीआर हॉस्पिटलमधली एक नर्स आहे, गुजरीतला एक सराफ, घरनं काम करणारा एक आयटीतला पोरगा, दोन शिक्षिका, एक रिक्षावाले दादा जे 8 च्या बॅचला येतात. मला सांगायचंय ते हे की हे लोक मला एरवी कधी भेटलेच नसते. आपलं वय वाढतं तसं आपण आपल्यासारख्याच लोकांत राहायला लागतो, नातेवाईक, ऑफिस, सोसायटी. इथं सराफाला रिक्षावाले दादा पार्टनर असतात आणि दोघं पॉइंट गेला की एकमेकांवर सारखेच ओरडतात. बोलायला विषय शोधावा लागत नाही, हे फार महत्त्वाचं आहे विशेषतः जे लोक लाजतात त्यांच्यासाठी. आयटीतला पोरगा पहिले दोन महिने "सॉरी" आणि "नाइस शॉट" सोडून काही बोलला नाही, आणि कुणी त्याला बोल म्हणून जबरदस्ती पण केली नाही. तिसऱ्या महिन्यात त्यानं आपणहून सांगितलं की दोन वर्षं तो एकटा खोलीत काम करतोय, दिवसभरात आवाज निघतो तो फक्त मीटिंगमध्ये, आणि तो मानसोपचारतज्ज्ञांकडं जातोय, गोळ्या चालू आहेत.

त्यानंच आम्हाला ग्रुपवर काही अभ्यासांची माहिती पाठवली, त्यातलं दोन सांगते. 2018 साली लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये अमेरिकेतल्या 12 लाख लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला होता. व्यायाम करणाऱ्या लोकांचे महिन्यातले मन खराब असण्याचे दिवस, व्यायाम न करणाऱ्या पण बाकी सगळ्या बाबतीत तशाच असलेल्या लोकांपेक्षा सरासरी दीड दिवसानं कमी निघाले, म्हणजे जवळजवळ 43 टक्के कमी. आणि सगळ्यात जास्त फरक सांघिक खेळ खेळणाऱ्यांत. 45 मिनिटं, आठवड्यातनं 3 ते 5 वेळा, एवढ्यात सगळ्यात चांगलं दिसलं, आणि दिवसाला 3 तासांच्या वर करणाऱ्यांत उलट परत वाईट. दुसरा डेन्मार्कचा, कोपनहेगनमधले साडेआठ हजार लोक 25 वर्षांपर्यंत बघितले. त्यात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा टेनिसवाल्यांचं आयुष्य 9.7 वर्षं जास्त, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2, फुटबॉलवाल्यांचं 4.7, आणि जिमवाल्यांचं फक्त 1.5. काका हे वाचून म्हणाले, "म्हणजे मी आता सदुसष्टापर्यंत फिक्स!" नर्सनं लगेच समजावलं की तसं नसतंय काका, जे मुळात धडधाकट आहेत, ज्यांच्याकडं पैसा आणि वेळ आहे तेच टेनिस खेळतात हे पण असू शकतं, नुसत्या बघण्यावरनं कारण ठरत नाही. त्या संशोधकांनी पण तेच म्हणलंय. तरीपण त्यांचा अंदाज असा की ज्या खेळांत दुसरा माणूस लागतो ते खेळ पुढं असण्यामागं लोकांचं एकत्र येणं हे एक कारण असावं. मला हे वाचायच्या आधीच पटलेलं होतं.

आणि एक कळकळीनं सांगते. खेळ म्हणजे औषधाला पर्याय नाही. त्या पोराला बॅचमधल्या एकानं प्रेमानंच म्हणलं होतं की आता खेळतोयस तर गोळ्या सोड, तेव्हा नर्स त्यांच्यावर चिडली आणि बरोबरच चिडली. गोळ्या डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायच्या. ज्यांना आत्ता घरातनं बाहेर पडायचं पण बळ नाही त्यांना "जा खेळ" म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला पळ म्हणल्यासारखं आहे. त्यांनी आधी 14416 ला फोन करा, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. खेळ नंतर पण येतो.

आता तक्रारी, कारण हॉलवाले हे वाचतील अशी आशा आहे. लाइट. दोन नंबरच्या कोर्टवर लाइट बरोबर डोक्यावर आहेत, क्लिअर (शटल उंचावरनं पार मागं घालवायचा फटका) मारायला वर बघितलं की डोळ्यापुढं अंधारी येते, लाइट कोर्टच्या बाजूला पाहिजेत, वर नकोत. लेडीज चेंजिंग रूमला कडी नीट लागत नाही आणि आत हुक एकच, चार बायकांनी बॅगा कुठं अडकवायच्या? 14 महिन्यांत तीनदा सांगितलंय. पावसाळ्यात मॅटला ओल धरते, जुलैमध्ये दोघंजण घसरले, डीह्युमिडिफायर नाही परवडत तर निदान पंखे आणि कोरडं फडकं तरी ठेवा.

वॉर्मअप सर सांगतात पण 8 च्या बॅचला कोण करत नाही, आले की सुरू. मी पण एकदा उशीर झाला म्हणून तसंच उतरले आणि पोटरी अशी धरली की तीन आठवडे घरी. पस्तिशीनंतर बॅडमिंटनमध्ये पोटरी आणि टाचेवरची शीर, जिला अकिलिस टेंडन म्हणतात, ती फार जपावी लागते, एकदम उडी आणि एकदम ब्रेक हे तिला सहन होत नाही. 10 मिनिटं द्याच. आणि डबल्समध्ये पुढं उभं असताना मागं वळून पार्टनरकडं बघू नका, शटल डोळ्याला लागतं.

ते तीन आठवडे घरी असताना मात्र मला कळलं की हॉलमध्ये जाऊन मला नक्की काय मिळत होतं. रोज संध्याकाळी 7 वाजले की बेचैन. पण चौथ्या दिवशी दोन्ही शिक्षिका घरी आल्या, हातात डबा, म्हणल्या खेळायला नाही तर नाही, गप्पा तर मारू. माझ्या घरी, माझ्याकडं, मिस्टरांच्या किंवा पोराच्या ओळखीचं नसलेलं कुणी येण्याची ती कितव्या वर्षांनी आलेली वेळ होती काय माहीत.

एक गोष्ट मला सुरुवातीला खटकायची ती पण लिहिते. मिक्स डबल्सला पुरुष मंडळी सांगायची, "ताई तुम्ही नेटजवळच थांबा, मागचं मी बघतो." मग मागचं पण तेच, बाजूचं पण तेच, आणि आपण नुसतं उभं. महिनाभर सहन केलं आणि एक दिवस सरळ सांगितलं की मला पण पैसे तेवढेच पडतात, माझ्या बाजूचं शटल माझं. गप्प झाले थोडा वेळ. पण नंतर सराफानं स्वतः येऊन सॉरी म्हणलं आणि आता तोच मला मागं पाठवतो. मला घरी कधी असं सरळ बोलता आलं नव्हतं. ऑफिसात पण नाही. आता येतं. कोर्टवर बोलायला शिकले आणि मग बाकीच्या जागी पण आवाज निघायला लागला, याचा थेट संबंध आहे असं मला खात्रीनं वाटतं.

सगळं गोड आहे असं नाही. एकजण होते, हरले की पार्टनरला एवढं बोलायचे की दोन बायकांनी बॅच सोडली. सरांनी त्यांना दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा पैसे परत देऊन थांबवलं. हे करायला धाडस लागतं, गिऱ्हाईक सोडायचं म्हणजे. पण मोठ्यांच्या बॅचचं सगळं वातावरणावर असतं, खेळायला येणारा माणूस दिवसभराचं ओझं घेऊन आलेला असतो, तिथं पण बोलणी खायची असतील तर तो येईल कशाला? त्या एका निर्णयासाठी मी या हॉलला मनापासून मानते.

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या संध्याकाळी ग्रुपवर "चौथं कोण" आलं नाही. बॅचमधल्या एकाचं घर सुतारवाड्याच्या बाजूला, तिथं पाणी आधी येतं हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. रिक्षावाले दादांनी टाकलं, "रिक्षा घेऊन निघालोय, कोण येतंय?" आणि सातजण गेले. फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं, म्हातारी आई, सगळं रात्री 11 पर्यंत हलवलं. खेळताना जे एकमेकांना नावानं पण नीट हाक मारत नाहीत, "काका", "ताई", "भावा" एवढंच, त्यांनी एकमेकांचं घर उचललं. आयटीतला पोरगा त्या घरातल्या आजींना हात धरून खाली घेऊन आला.

रविवारी सकाळी हॉल बंद असतो तरी आम्ही पाच-सहाजण गंगावेशला दूध कट्ट्यावर भेटतो, समोर पिळलेलं म्हशीचं दूध, मग कधी मिसळ. मिस्टर पण दोनदा आलेत, आता त्यांची दिवसपाळी असली की तेपण 8 च्या बॅचला येणार म्हणतायत, शूज घेतलेत, बघू.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: तीन दिवस ट्रायल फुकट आहे, पार्किंग मागच्या बाजूला करा, पुढं पोरांच्या पालकांच्या गाड्या असतात. त्या पालकांना पण सांगते, 7 ला पोरांची बॅच संपली की तेच कोर्ट आपल्याला मिळतं, पोराला अर्धा तास थांबवून एकदा खेळून बघा. मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या 7 च्या बॅचला सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. बाहेरचे शूज मॅटवर चालत नाहीत, वेगळे आणा. पाण्याची बाटली घरनं आणा, तिथला फिल्टर महिनाभर बंद आहे.